‘तात्काळ’चा शिक्का नको, तारीख लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी कार्यालयांतल्या प्रलंबित प्रकरणांची बातमी आली की चर्चा दोन टोकांना जाते. नागरिक म्हणतात, कर्मचारी काम करत नाहीत. कर्मचारी म्हणतात, पदे रिक्त आहेत, एकेकाकडे दोन-दोन टेबले आहेत. रिक्त पदांची तक्रार खरी आहे आणि ती शासनाने सोडवायलाच हवी. पण ज्या टेबलावर माणूस पूर्ण वेळ बसलेला आहे, तिथेही अर्ज महिनोन् महिने पडून राहतात. त्याचे कारण असे की त्या टेबलावर आधी काय उचलायचे आणि नंतर काय, हे कोणी ठरवत नाही. जे शेवटी आले आणि ज्याच्यामागे मोठ्या माणसाचा फोन आहे, ते आधी होते. ज्याची आवक रीतसर नोंदली गेली, ते मागे पडते. तालुका आणि जिल्हा पातळीवर संकलनांची, म्हणजे कार्यालयातल्या विषयवार टेबलांची, कामे पाहिलेल्या आम्हा काही सेवानिवृत्तांचे म्हणणे एवढेच आहे की यावरचा उपाय, म्हणजे कागदांच्या सहा गठ्ठ्यांची पद्धत, कार्यालयातच आहे, जुना आहे, आणि तो फक्त तपासणीपुरता वापरला जातो.

आधी वेळेचा हिशेब मांडू. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हापासून बहुतेक शासकीय कार्यालयांची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ आहे. जेवणाचा अर्धा तास वजा केला की आठ तास उरतात. तहसील कार्यालयातल्या एखाद्या मध्यम संकलनावर दिवसाला बारा-पंधरा कागद येतात असे धरू. त्यांतले चार-पाच नुसते वाचून ‘दफ्तरी दाखल’ करायचे. एकेकाला दोन मिनिटे पुरतात. तेवढ्याच कागदांवर ठरावीक नमुन्यातले पत्र किंवा स्मरणपत्र जाते. प्रत्येकी दहा मिनिटे. दोन-तीन कागदांसाठी मागची संचिका काढून टिपणी लिहावी लागते. प्रत्येकी अर्धा तास. आणि एक-दोन कागद असे असतात की त्यांना सलग दीड-दोन तास द्यावेच लागतात. न्यायालयीन प्रकरणातले परिच्छेदनिहाय अभिप्राय, अपिलातल्या आदेशाचा मसुदा, नुकसानभरपाईच्या याद्यांची पडताळणी ही ती कामे. बेरीज जास्तीत जास्त साडेसहा तास येते. म्हणजे दिवसाचे काम दिवसात बसते, वर दीड तास तरी हातात राहतो. प्रत्यक्षात ते बसत नाही, कारण सलग दोन तास मिळतच नाहीत. वीस-वीस मिनिटांचे सहा तुकडे मिळाले तर त्यातून दोन तासांचे काम होत नाही. प्रत्येक वेळी संचिका पुन्हा मागून वाचावी लागते, कुठवर आलो होतो ते शोधावे लागते.

आणि तुकड्यांत केलेल्या कामात चुका होतात. वाटपाच्या आदेशाचा मसुदा चालू आहे. गट नंबर लिहिला, क्षेत्र लिहायचे तेवढ्यात फोन वाजला: ‘गेल्या वर्षीच्या टंचाईच्या गावांची यादी पाच मिनिटांत टाका.’ यादी शोधून टाकली, परत मसुद्यावर आलो आणि ०.८१ हेक्टर आर ऐवजी ०.१८ लिहिले गेले. मसुद्यावर वरिष्ठांची सहीही तशाच धावपळीत झाली. आदेश निघाला, त्यावरून फेरफार झाला, सातबाऱ्यावर चुकीचे क्षेत्र चढले. आता त्या शेतकऱ्याला जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी अर्ज करावा लागणार. पुन्हा अर्ज, पुन्हा अहवाल, पुन्हा आदेश, पुन्हा फेरफार. दोन अंकांच्या अदलाबदलीतून एक नवीन प्रकरण उभे राहिले, आणि ते त्याच टेबलावर आले. दरम्यान त्या माणसाचे पीककर्ज अडले, ते वेगळेच. ज्या ‘पाच मिनिटांच्या’ कामाने हे घडवले, त्याची कुठल्याही नोंदवहीत नोंद नाही.

कायद्याने अग्रक्रम ठरवून दिलेला आहे. आपण ज्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, त्या बदल्यांच्या आणि विलंब प्रतिबंधाच्या २००५ च्या अधिनियमात कलम १० आहे. त्यानुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. तात्काळ स्वरूपाची शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तातडीची चार दिवसांत निकाली निघावी. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय, गरज असेल तर तीन महिन्यांत. निर्णयासाठी फाईल तीनपेक्षा जास्त स्तरांवरून फिरू नये, असेही त्याच कायद्यात आहे. पायऱ्या नीट आखलेल्या आहेत. पण आज जवळपास प्रत्येक पत्रावर ‘तात्काळ’, ‘अतितात्काळ’, ‘आजच्या आज’ असे लिहिलेले असते. सगळ्याच कागदांवर तोच शिक्का असला की त्या शिक्क्याचा उपयोग संपतो. लिपिक मग स्वतःच्या अंदाजाने चालतो, आणि तो अंदाज ‘कोण रागावेल’ यावर बांधलेला असतो.

त्याऐवजी टपाल फोडल्यावर प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने शेवटची तारीख लिहावी. ती कशी काढायची? तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, कायद्याची मुदत. माहिती अधिकाराचा अर्ज असेल तर तीस दिवस. माहिती दुसऱ्या कार्यालयाची असेल तर कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत वर्ग करायचा, आणि नेमके हे पाच दिवस बहुतेकदा हुकतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस असेल तर दोन महिने. दिवाणी निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायचे असेल तर नव्वद दिवस, आणि त्यात निकालाची प्रमाणित प्रत मिळवणे, सरकारी वकिलांचे मत घेणे, विभागाची मंजुरी मिळवणे हे सगळे बसवायचे असते. सरकारी फाईल हळू चालते म्हणून विलंब माफ करा, हे म्हणणे आता चालत नाही. पोस्टाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट सांगितले की मुदतीचा कायदा शासनालाही इतरांसारखाच लागू आहे. त्यामुळे निकालाची प्रत ज्या दिवशी आली, त्याच दिवशी शेवटची तारीख कोपऱ्यात चढली पाहिजे, आणि वकिलांकडे कागद पाठवायची तारीख त्याच्या किमान चाळीस दिवस आधीची लिहिली पाहिजे.

दुसरी गोष्ट, या कागदावर कोणाचा पैसा, प्रवेश किंवा हक्क अडलेला आहे का. मे ते जुलैत दाखल्यांचे अर्ज येतात, तेव्हा प्रवेशाच्या वेळापत्रकातली तारीख हीच त्या अर्जाची खरी मुदत असते. लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित झालेले दिवस ही कमाल मर्यादा आहे. तिसरी गोष्ट, माझ्या टेबलामुळे पुढची किती टेबले थांबली आहेत. कर्मचाऱ्यांची कामे पाहणाऱ्या आस्थापना शाखेने वेतन देयक वेळेत कोषागाराकडे पाठवले नाही तर सगळ्यांचा पगार अडतो. एका गावाचा अहवाल आला नाही म्हणून तालुक्याचा तक्ता थांबतो.

यात कोणाचा आवाज मोठा, हा मुद्दा कुठेच येत नाही. आणि जे काम कधीच आरडाओरडा करत नाही, त्याला या पद्धतीत जागा मिळते. सर्वांत ठळक उदाहरण निवृत्तिवेतनाचे. कर्मचाऱ्याच्या निवृत्तीच्या दोन वर्षे आधी प्रकरणाची तयारी सुरू करावी आणि सहा महिने आधी कागद महालेखापाल कार्यालयाकडे जावेत, असे निवृत्तिवेतन नियमांत १९८२ पासून आहे. दोन वर्षे आधी हे काम अजिबात तातडीचे दिसत नाही. सेवापुस्तक उघडले जात नाही. मग शेवटच्या महिन्यात कळते की एका वेतननिश्चितीची पडताळणी राहिली आहे, मधल्या एका बदलीच्या काळातली सेवा साक्षांकित नाही, नामनिर्देशन अद्ययावत नाही. तेव्हा त्या जुन्या कार्यालयाला पत्रे लिहायला सुरुवात होते आणि तीस-तीस वर्षे नोकरी केलेला माणूस पेन्शनविना बसतो. आस्थापना लिपिकाने पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी भिंतीवर लावली आणि आठवड्यातला एक तास, समजा दर बुधवारी चार ते पाच, फक्त सेवापुस्तकांना दिला, तर हे घडत नाही. एका तासात एक पुस्तक नीट पाहून होते. वर्षात चाळीस-पंचेचाळीस पुस्तके होतात, आणि तेवढी एका मध्यम कार्यालयाला पुरतात.

आता सहा गठ्ठ्यांबद्दल. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत ही पद्धत सर्वांना तोंडपाठ आहे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके (ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रे), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे, नष्ट करायचे. तपासणी जाहीर झाली की कपाटे आवरली जातात, लाल-पिवळे रुमाल बांधले जातात, गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लागतात. तपासणी झाली की महिन्याभरात पुन्हा सगळे एकत्र. खरे तर कपाट नीटनेटके दिसावे म्हणून ही रचना केलेली नाही. आज हात कशाला लावायचा आणि कशाला लावायचा नाही, हे एका नजरेत कळावे म्हणून ती आहे. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची बैठक आणि अभिलेख यांची जी फेररचना केली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून देशभर गाजली. पुढे चंद्रकांत दळवी पुणे विभागाचे आयुक्त असताना ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ची मोहीम झाली. दोन्हींचा गाभा एकच होता: आलेला कागद त्याच दिवशी त्याच्या जागी गेला पाहिजे.

पहिल्या गठ्ठ्यात, म्हणजे प्रलंबितमध्ये, फक्त तेच कागद हवेत ज्यांवर आज मी स्वतः काही करू शकतो. ही अट पाळली की गठ्ठा निम्म्यावर येतो. त्यातले कागद कोपऱ्यातल्या तारखेप्रमाणे लावावेत, जवळची तारीख वर. संध्याकाळी सहा वाजता, उठण्याआधी पंधरा मिनिटे, उद्याचे तीन कागद वर काढून ठेवावेत: एक मोठा, दोन मध्यम. तीनच. दहा काढले तर ते पुन्हा गठ्ठाच होतात. सकाळी हे ठरवायला बसू नये, कारण सकाळी दारात माणसे असतात आणि फोनवर संदेश असतात.

सगळी गडबड दुसऱ्या गठ्ठ्यात होते. प्रतीक्षाधीन म्हणजे दुसऱ्याकडून काही यायचे आहे असा कागद. यात कागद टाकला की लिपिकाला वाटते आपली जबाबदारी संपली, आणि शिल्लक कागदांच्या मासिक गोषवाऱ्यातही तो प्रलंबितातून वजा होतो. म्हणून नको असलेली प्रकरणे इथे येऊन साठतात. एकच नियम पाळावा: पुढच्या तारखेशिवाय कोणताही कागद या गठ्ठ्यात जाणार नाही. मंडळ अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवला, पत्र १ तारखेला गेले, तर टेबलावरच्या डायरीत १६ तारखेच्या पानावर त्या संचिकेचा क्रमांक लिहायचा. १६ ला पहिले स्मरणपत्र, त्यानंतर सात दिवसांनी दुसरे, आणि तेही वाया गेले तर अर्धशासकीय (अधिकाऱ्याने अधिकाऱ्याला नावाने लिहिलेल्या) पत्राचा मसुदा वरिष्ठांपुढे. दूरध्वनीवर बोलणे झाले असेल तर टिपणीच्या बाजूला तारीख, वेळ आणि कोणाशी बोललो ते लिहायचे. असे केले की रोज सकाळी डायरीचे एक पान उघडून पाच-सहा संचिका काढायच्या असतात. अख्खा गठ्ठा चाळावा लागत नाही. दर शुक्रवारी दुपारी मात्र पूर्ण गठ्ठा एकदा हाताखालून घालावा, कारण डायरीत नोंदवायचे राहिलेले कागद तिथेच सापडतात.

तिसरा गठ्ठा नियतकालिकांचा. पाक्षिक, मासिक, तिमाही विवरणपत्रे कधी पाठवायची हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठाऊक असते. तरीही ती शेवटच्या दिवशी, फोन आल्यावर तयार होतात. वेतनातल्या आयकर कपातीचे तिमाही विवरण ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या तारखांना दरवर्षी येते. त्यात अनपेक्षित काही नाही, आणि उशीर झाला तर रोज २०० रुपये विलंबशुल्क लागते. प्रत्येक नियतकालिकाची दोन तारखा असलेली यादी करावी: पाठवायची आणि तयारी सुरू करायची. दुसरी पहिलीच्या किमान पाच कामकाजी दिवस आधी. याच गठ्ठ्यात एक ‘कायम आकड्यांचे पान’ ठेवावे. गावे, खातेदार, क्षेत्र, चालू वर्षाची मागणी व वसुली, मंजूर आणि भरलेली पदे, न्यायालयीन प्रकरणांची संख्या. दर महिन्याच्या पहिल्या कामकाजी दिवशी ते अद्ययावत करावे. वरून ‘तात्काळ’ म्हणून मागवली जाणारी पुष्कळशी माहिती याच आकड्यांची वेगवेगळ्या रकान्यांत केलेली मांडणी असते. पान तयार असेल तर पाच मिनिटांचे काम खरोखरच पाच मिनिटांत होते.

शेवटच्या दोन गठ्ठ्यांसाठी हंगाम पाहावा. मार्चमध्ये वसुली आणि आर्थिक वर्षाची अखेर, जूनपासून दाखले आणि आपत्तीची कामे, जुलैअखेर महसुली वर्षाचा शेवट. हे महिने सोडून, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, दर आठवड्याला दोन तास निंदणीकरणाला, म्हणजे जुने कागद निवडून वेगळे करायला, द्यावेत. किती काळ जपायचे त्यानुसार अ, ब, क, ड वर्गवारी करून अभिलेख कक्षात पाठवायचे ते पाठवावे. हे काम टाळले की वरचे चार गठ्ठे शोधण्यातच रोजचा वेळ जातो.

एवढे करूनही एक दार उघडे राहते आणि तिथून सगळे विस्कटते: मोबाईल. एकेका लिपिकाच्या फोनवर कार्यालयाचे, तालुक्याचे, जिल्ह्याचे, योजनांचे, निवडणुकीचे असे कितीतरी व्हॉट्सॲप ग्रुप असतात. त्यांवर आलेली सूचना आवक बारनिशीत (आलेल्या टपालाच्या नोंदवहीत) चढत नाही, कार्यविवरणात (लिपिकाच्या कामाच्या नोंदवहीत) चढत नाही, तरीही ती बाकी सगळ्याच्या पुढे जाते. आमच्या मते आजच्या दिरंगाईचे हे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले गेलेले कारण आहे. नोंद नसलेले काम नोंद असलेल्या कामाचा वेळ खाते आणि महिन्याच्या शेवटी त्याचा हिशेब लागत नाही. वर्तणूक नियम, १९७९ मध्ये वरिष्ठांचे निर्देश सर्वसाधारणपणे लेखी असावेत आणि तोंडी द्यावेच लागले तर नंतर लेखी दुजोरा द्यावा, हे तत्त्व आहे. ग्रुपवरच्या सूचनेलाही तेच लावावे. अर्ध्या पानाची छापील चिठ्ठी ठेवावी: कोणी सांगितले, काय सांगितले, किती वाजता, कधीपर्यंत हवे, आणि त्यासाठी हातातला कोणता कागद बाजूला ठेवला. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. महिनाभराच्या चिठ्ठ्या एकत्र लावल्या की वरिष्ठांनाही दिसते की एकच माहिती तीन शाखांनी तीन वेळा मागवली होती. त्यातले अनेकजण मनाने चांगले असतात. आपल्या एका ओळीच्या संदेशामुळे खाली काय हलते ते त्यांना दिसत नाही, एवढेच.

ग्रुप पाहण्याच्या तीन वेळा ठरवाव्यात: दहा वाजता, जेवणानंतर दोनला आणि पाचला. मधल्या वेळात सगळ्या ग्रुपचे आवाज बंद. फोन उलटा ठेवून उपयोग होत नाही, हात जातोच. तो खणात ठेवावा. मग खरोखर तातडीचे असेल तर? त्यासाठी कार्यालयाचा दूरध्वनी आहे. कार्यालयीन कामासाठी शक्यतो दूरध्वनीच वापरावा, मोबाईल गरजेपुरता आणि शांत ठेवून वापरावा, अशा सूचना सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२१ मध्येच दिलेल्या आहेत. पूर, आग, अपघात, कायदा-सुव्यवस्था यांसाठी नियंत्रण कक्ष आहे. पावसाळ्यात आणि निवडणुकीत ही शिस्त शिथिल होणार, ते मान्यच आहे. त्या काळात एका कर्मचाऱ्याने आळीपाळीने सर्वांचे ग्रुप पाहावेत आणि बाकीच्यांनी काम करावे.

मोठ्या कागदासाठी सकाळी दहा ते बारा ही वेळ राखून ठेवावी. या वेळात बैठक नको, ऑनलाइन बैठक नको, टेबलापाशी पाहुणा नको. इथे एक सावधगिरी. अभ्यागतांची वेळ दुपारी तीननंतर ठेवली की कार्यालयाला सोयीचे होते, पण वाडीवस्तीवरून सकाळच्या एस.टी.ने आलेल्या बाईला दुपारची परतीची गाडी पकडायची असते. तिला ताटकळत ठेवणे हा वेळेचा सदुपयोग नव्हे. म्हणून एक खिडकी पूर्ण दिवस उघडी हवी. तिथे अर्ज घेणे, पोच देणे, कागदपत्रे पुरी आहेत का पाहणे आणि आवक क्रमांकावरून प्रकरण कुठे आहे ते सांगणे एवढे झाले, तरी टेबलापर्यंत येण्याची गरज फारच थोड्यांना पडते. सर्व्हर बंद पडला की सगळे खोळंबते, हेही रोजचेच आहे. त्यासाठी कागदावर करता येणाऱ्या कामांची यादी बाजूला तयार ठेवावी: टिपणीचा कच्चा मसुदा, प्रतीक्षाधीन गठ्ठ्याची चाळणी, सेवापुस्तके.

ई-ऑफिस आले म्हणून हे सगळे कालबाह्य झाले असे समजू नये. उलट तिथे सहाही प्रकारचे कागद एकाच यादीत, आलेल्या क्रमाने दिसतात. प्रतीक्षाधीन कोणते आणि आज करायचे कोणते, हे आपण खूण केल्याशिवाय कळत नाही. विषयाच्या सुरुवातीलाच शेवटची तारीख टाकण्याची सवय लावली तर शोधायला फार सोपे जाते.

आणखी एक दोष सांगायलाच हवा, कारण तो पद्धतीतूनच तयार होतो. मासिक गोषवाऱ्यात कालावधीवार रकाने असतात, पण बैठकीत वाचली जाते ती शेवटची बेरीज: मागील शिल्लक, नवीन आवक, निर्गती, अखेर शिल्लक. त्यामुळे लिपिक सोपे कागद आधी काढतो. निर्गतीचा आकडा चांगला दिसतो आणि अवघड प्रकरण वर्षभर तळाशी राहते. काही ठिकाणी याच आकड्यापोटी अर्जात एक त्रुटी काढून तो परत केला जातो. अर्जदार ती पूर्ण करून आला की दुसरी काढली जाते. कागद तीनदा ‘निकाली’ निघतो, काम एकदाही होत नाही, आणि अर्जदार व लिपिक दोघांचाही तिप्पट वेळ जातो. सगळ्या त्रुटी पहिल्याच वेळी, एकाच पत्राने कळवाव्यात. बैठकीत पहिला प्रश्न असा असावा: या संकलनातला सर्वांत जुना कागद कोणत्या तारखेचा आहे आणि तो कशासाठी थांबला आहे? रोजच्या तीन कागदांपैकी एक नेहमी तळातला असावा. आम्ही पाहिलेल्या टेबलांत फरक पडला तो मुख्यतः या एका गोष्टीने.

नागरिकांच्या हातातही थोडे आहे. अर्जाची पोच घ्यावी, त्यावरचा आवक क्रमांक आणि तारीख जपून ठेवावी, चौकशी त्या क्रमांकानेच करावी. ‘माझे त्या जमिनीचे काम’ असे सांगितले की संचिका शोधण्यातच पंधरा मिनिटे जातात. ओळखीच्या माणसाकडून फोन करवून घेतला तर आपला कागद वर येतो, पण तो दुसऱ्या कोणाचा तरी खाली ढकलूनच येतो. मुदत उलटली तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे तीस दिवसांत पहिले अपील करता येते, आणि कसूर ठरल्यास संबंधित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. तो मार्ग फोनपेक्षा सरळ आहे.

शासनाला आमची विनंती आहे की कार्यविवरणात ‘तोंडी किंवा मोबाईलवरून आलेली कामे’ असा एक रकाना अधिकृतपणे घालावा, आणि दर १ ऑगस्टला, महसूल दिनी, प्रत्येक तहसील व जिल्हाधिकारी कार्यालयाने आपल्या फलकावर संकलनवार सर्वांत जुन्या प्रलंबित कागदाची तारीख लिहावी. आपल्या वृत्तपत्रालाही विनंती आहे की प्रलंबित प्रकरणांचे आकडे छापताना त्यांच्यासोबत ही तारीखही विचारून छापावी.

आपले,
महसूल कार्यालयांतील काही सेवानिवृत्त अव्वल कारकून व नायब तहसीलदार,
सातारा